दहा पैशांचं वजन

मला मधे कुणी बोललेलं खपत नाही. आमची कमळी म्हणायची, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण या माणसानं माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही." ती हसत म्हणायची, मीही हसायचो. हल्ली ती म्हणत नाही.

युजीन माझा दोस्त. वटार गावात आमची वाडी आणि त्याची वाडी यांच्यामधे एकच कुंपण. तो लग्नाच्या बँडमधे ट्रंपेट वाजवायचा आणि मी मुंबईत एका वर्कशॉपमधे रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचो. एकतीस वर्षं केलं ते काम. गेल्या नोव्हेंबरात युजीन गेला. सकाळी केळींना पाणी लावताना बांधावर बसला, तो उठलाच नाही.

वर्ष भरायला महिना असताना त्याची बायको, एमिली वहिनी, आमच्या ओटीवर आली. म्हणाली, "हरेश्वर भाऊ, मशीन मोडलं."

घराला रंग काढायचा होता म्हणून रंगवाल्यांनी सामान हलवलं. त्यातल्या एका शहाण्यानं रेकॉर्ड प्लेअर उचलला तो सुईचा दांडा धरून! अहो, मांजराचं पिल्लू तरी असं उचलतं का कुणी? दांडा बुडापासून निखळला होता. मी त्या रंगवाल्याला तिथल्या तिथे चार शिव्या हासडल्या. तो बिचारा तिथे नव्हताच.

"होईल का?" वहिनीनं विचारलं.

"न व्हायला काय झालं? नवा दांडा बसवतो."

"वर्षाच्या मिस्सेपर्यंत हवं. चर्चमधून सगळे घरी येतील, तेव्हा त्याची तबकडी लावायचीय." मग ती म्हणाली, "त्याचा आवाज मला आठवेना झालाय हो भाऊ. चेहरा दिसतो, पण आवाज येत नाही. फोटोत काय, तोंड मिटलेलंच."

त्या तबकडीची गोष्ट मला ठाऊक होती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी युजीननं मुंबईच्या एका स्टुडिओत पदरचे पैसे घालून एक धून कापून घेतली होती. दुकानात मिळते तशी छापलेली रेकॉर्ड नव्हे. पत्र्यावर काळा लेप, आणि त्याच्यावर थेट कोरलेली रेघ. जगात एकच प्रत. धून संपल्यावर जागा उरली तेव्हा हा पठ्ठ्या माइकला तोंड लावून म्हणाला, "एमिली, चहा ठेव, निघालो मी." मला हे त्यानं शंभरदा तरी सांगितलं असेल, पण ऐकवलं कधीच नाही. असली तबकडी प्रत्येक वेळी सुईखाली थोडी थोडी झिजते. म्हणून वर्षातून एकदा, लग्नाच्या वाढदिवसाला, दार लावून ती दोघंच ऐकायची.

मशीन मी घरी आणलं. मोडक्या दांड्याच्या टोकाला, सुई असते तिथे वर, चिकटपट्टीनं काहीतरी गुंडाळलेलं होतं. सोडवून पाहिलं तर दहा पैशांचं जुनं नाणं. ते ॲल्युमिनियमचं, कंगोऱ्यांच्या कडेचं.

माझं डोकंच सणकलं. सुई उड्या मारते म्हणून लोक वर नाणं ठेवतात. ते पाहिलं की मला वाटायचं, असल्यांच्या हाती मशीन देऊच नये. वजन वाढतं, सुई रेकॉर्ड खरवडत जाते. एकतीस वर्षं हेच ओरडून सांगितलं मी गिऱ्हाइकांना. आणि माझा स्वतःचा दोस्त हे करत होता, तेही माझ्यापासून लपवून.

वहिनी मशीनमागोमाग आमच्याकडे आली होती, समोरच बसली होती. म्हणाली, "राहू द्या ना ते. युजीननं लावलंय. त्या तबकडीला शेवटाला..."

"वहिनी, ट्रंपेटमधलं त्याला कळत होतं, यातलं मला कळतं. तुम्ही मधे बोलू नका."

नाणं मी कचऱ्याच्या डब्यात टाकलं. टणकन आवाज झाला, तोही बरा वाटला मला.

नवा दांडा मुंबईहून मागवला. सरळ, हलका, दोन बोटांनी धरावा असा. जुनं भोक मोठं होतं, त्यात लाकडाचा गोल तुकडा बसवून नवं पाडलं. मधल्या खिळ्यापासून दांड्याच्या बुडापर्यंतचं अंतर तीनदा मोजलं. कागदावर आखलेल्या रेघांवर सुई ठेवून ती बाहेरच्या आणि आतल्या, दोन्ही खुणांवर सरळ बसते का ते भिंगातून बघत अख्खा दिवस घालवला. अर्धा मिलिमीटर सरकवायचं, स्क्रू आवळायचा, पुन्हा बघायचं. आवळताना ती परत हलायची. माझे हात आता पूर्वीसारखे स्थिर नाहीत, पण हे मी कमळीलाही सांगत नाही. मग मागचं वजन फिरवून दांडा हवेत तरंगता केला आणि सोनाराकडे असतो तशा छोट्या काट्यावर सुई टेकवून भार मोजला. दीड ग्रॅम. एक बिंदू इकडे नाही की तिकडे नाही. माझ्याकडच्या दोन जुन्या रेकॉर्डी लावून पाहिल्या. अहाहा! सुई कुठे टेकलीय कळत नव्हतं. कमळीला हाक मारून ऐकवलं. ती म्हणाली, "युजीन भावोजी असते तर..." मी म्हटलं, "थांब, ऐक आधी."

मिस्सेच्या आदल्या दुपारी मशीन वहिनीच्या घरी नेऊन टेबलावर पाणसळीत बसवलं. ती चर्चमधे फुलं द्यायला निघाली होती. दारातून म्हणाली, "तबकडी कपाटात आहे. तिला हात लावू नका हं भाऊ. उद्याच लावायची."

ती गेली. मी बसून राहिलो. मनात येत होतं, उद्या सगळ्या गोतावळ्यासमोर काही अडलं तर? हरेश्वरनं बसवलं आणि वाजलं नाही, म्हणजे नाकच कापलं की. एकदा लावून पाहिलं तर काय झिजून झिजून झिजेल? खरं सांगू, माझे हात शिवशिवत होते. तिच्यासाठी नव्हे, माझ्या कामाची ऐट मला बघायची होती.

कपाट उघडलं, तबकडी लावली.

ट्रंपेट सुरू झाला आणि मी खुर्चीत मागे टेकलो. युजीनच तो, दुसरा कोण! वरच्या सुराला जरा जास्त वेळ धरून ठेवायची त्याची खोड जशीच्या तशी. माझे डोळे भरून आले. म्हणून तबकडीकडे माझं लक्ष नव्हतं, नाहीतर आतल्या बाजूचा पोचा मला दिसला असता. मोजून बोटाच्या पेराएवढा.

धून संपली. थोडी खरखर. मग त्याचा आवाज, अगदी कानाशी बोलल्यासारखा, "एमिली, च..."

सुई पोच्यावरून उडाली. हलका दांडा, दीड ग्रॅम भार, तो काय धरून ठेवणार? कर्रकन रेघा ओलांडत ती आडवी घसरत मधल्या कागदापर्यंत गेली.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी कसला थांबतोय! दांडा उचलून जरा मागे ठेवला आणि वरून बोटानं दाबून धरला. बोट थरथरलं. या वेळी नुसतं "ए..." आलं आणि सुई त्या नव्या चऱ्यात शिरून परत आडवी गेली. काळा लेप सोलून खालचा पत्रा पांढरा चमकायला लागला.

तेव्हा कुठे मला ते नाणं कळलं. युजीन अडाणी नव्हता. शेवटच्या चार शब्दांवर पोचा पडला होता, आणि त्यावरून सुई सुखरूप न्यायला जेवढा भार लागतो तेवढा त्यानं तोलून ठेवला होता. "शेवटाला..." वहिनी हेच सांगत होती.

मूग गिळून निघून जाता आलं असतं. जुनी तबकडी, खराब झाली म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं. तो विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू? पण उठलो नाही. वहिनी परत आली तेव्हा मी तिथेच बसलो होतो. सगळं सांगितलं. त्या दिवशी मधे बोलायला कुणी नव्हतं.

तिनं तबकडी उजेडात धरून पाहिली. रडली नाही, ओरडली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "नाणं कुठंय?"

मी धावत घरी आलो. कमळीनं डबा कधीच वाडीतल्या खड्ड्यात रिकामा केला होता. केळीच्या सालींत आणि कुजक्या पाल्यात दोन्ही हात घालून उकरत बसलो. कमळी काही न विचारता शेजारी बसून उकरायला लागली. नाणं तिलाच सापडलं.

दुसऱ्या दिवशी मिस्सा झाली, कबरीवर फुलं वाहिली, सगळी माणसं घरी आली. वहिनीनं त्यांना काही सांगितलं नव्हतं. धुतलेलं नाणं तिनं स्वतः चिकटपट्टीनं माझ्या त्या नव्या, देखण्या दांड्यावर बसवलं आणि सुई ठेवली. ट्रंपेट वाजला. युजीनच्या भावानं, ॲन्सेल्मनं, रुमाल डोळ्यांना लावला. धून संपली, सुई पोच्याशी आली आणि त्यावरून अलगद, जराही न उडता, पार गेली. पलीकडे नुसती टकटक होती. धून संपताच टाळ्या वाजवायला लागलेली माणसं थांबली, कुणाला काही कळलं नाही.

वहिनीनं दांडा उचलून ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"भाऊ, शेवटचं तुम्ही ऐकलंत. कसं म्हणाला तो?"

"अर्धंच ऐकलं वहिनी."

"तेवढं म्हणून दाखवा."

सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यभर तोंड चालवलं, तेव्हा दोन शब्द निघेनात. कसंबसं म्हणालो, "एमिली, च..."

तिनं डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली.

"असा नव्हता," ती म्हणाली. "पण कसा होता, ते आता मला पण नाही सांगता यायचं."

आणि ती चहा ठेवायला आत गेली.