सात नंबरचा पाट

भारतीय चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ एका भक्कम पायावर उभा होता, असं विद्वान लोक लिहितात. ते खरं आहे. हा पाया फणसाच्या लाकडाचा होता. लांबी पावणेदोन फूट, खाली दोन आडव्या पट्ट्या, जमिनीपासून उंची चार बोटं. मालक, रत्नप्रभाबाई सावंत. विद्वानांच्या लिखाणात बाईंचा उल्लेख कुठेच सापडत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

एकोणीसशे एक्कावन्न साली घाटकोपरच्या आमच्या सदानंद निवासात पहिल्या मजल्यावर पेंढरकर राहत आणि त्यांच्या समोरच्या खोलीत सावंत. अनंतराव पेंढरकर विमा कंपनीत कारकून. त्यांची मुलगी कुंदा सतरा वर्षांची, गळा सोन्याचा, उंची चार फूट सात इंच. समोरचे गुणाजी सावंत गिरणीत होते. ते फारसं बोलत नसत, कारण रत्नप्रभाबाई बोलत असत. लग्नात बाईंनी मालवणहून बारा पाट बोटीने आणले होते. प्रत्येकाच्या पाठीवर लाल तैलरंगात ‘र. गु. सावंत’ आणि खाली एक ते बारापैकी एक आकडा. इमारतीत मुंज असो, बारसं असो, पंगतीला पाट सावंतांचे. ते मोजून दिले जात आणि मोजून घेतले जात.

पेंढरकरांकडे सत्यनारायण झाला. स्वयंपाकाला काशीराम आचारी होता. संध्याकाळी अनंतरावांनी अकरा पाट परत केले. बारावा, म्हणजे सात नंबरचा, दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेच्या चौरंगामागे सापडला. तो काखेत मारून अनंतराव कुंदाला घेऊन निघाले. जाता जाता समोर द्यावा, तर सावंतांच्या दाराला कुलूप. बाई बाजारात गेल्या होत्या. थांबायला वेळ नव्हता, कारण त्या दिवशी अंधेरीच्या एका स्टुडिओत कुंदाचं आयुष्यातलं पहिलं रेकॉर्डिंग होतं. अनंतराव पाटासकट अंधेरीला गेले.

तेव्हा दोन गायकांना मिळून एकच माइक असे. दुसरे गायक नंदकुमार, सहा फूट. माइक त्यांच्या ओठांसमोर आणि कुंदाच्या डोक्यावर. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने विचारलं, “बाई अजून आल्या नाहीत का?”

“आल्यात ना. गाताहेत,” नंदकुमार म्हणाले.

कुंदाला खोक्यावर उभं केलं. खोकं प्रत्येक समेला कुरकुरलं. ते काढून स्टूल दिलं, तर ती नंदकुमारांच्या कपाळाशी बोलू लागली. संगीत दिग्दर्शकांनी घड्याळ बघितलं. दुसरी एखादी उंच मुलगी मिळते का ते बघायला माणूस पाठवायच्या विचारात असताना त्यांची नजर अनंतरावांच्या काखेकडे गेली.

“अहो, ते काय आहे?”

“पाट आहे. शेजाऱ्यांचा. परत द्यायचाय.”

“द्या इकडे!”

माइक जरा खाली घेतला, नंदकुमार जरा वाकले, कुंदा पाटावर उभी राहिली आणि गाणं पहिल्याच टेकला ओके झालं. महिनाभरात ते इराण्याच्या हॉटेलात, लग्नाच्या बँडवर आणि आमच्या जिन्यात वाजू लागलं.

आता खरं तर अनंतरावांनी त्याच संध्याकाळी पाट परत करायचा. पण संगीत दिग्दर्शक म्हणाले होते, “गुरुवारी पुन्हा या, आणि पाट विसरू नका.” अनंतराव मनाशी म्हणाले, एवढं एक गाणं होऊ दे. मग आणखी एक होऊ दे. आठवड्यात परत केलेल्या पाटाला कोणी काही विचारत नाही. दोन महिन्यांनी परत करायचा तर तोंड कसं दाखवायचं? मधे त्यांनी सुताराकडून हुबेहूब दुसरा पाट करून घेतला, सागवानी. त्यावर कुंदाने अकरा टेक दिले आणि दिग्दर्शकांनी तिला सर्दीचं औषध सुचवलं. तो सागवानी पाट अनंतरावांनी एका दुपारी गुपचूप सावंतांच्या दाराशी ठेवला. रत्नप्रभाबाईंनी तो उलटून बघितला, जिन्यात टांगला आणि वर चिठ्ठी लावली, ‘हा आमचा नव्हे. ज्याचा असेल त्याने न्यावा.’ तो पुढे बरीच वर्षं तिथेच लटकत होता.

कुंदाला यातलं काही माहीत नव्हतं. शेजाऱ्यांचा पाट परत गेला आणि अप्पांनी, म्हणजे अनंतरावांनी, तसाच दुसरा विकत घेतला अशीच तिची समजूत. पाटाला अप्पांनी खालून खिळे मारून मखमल लावली, तेव्हाही तिला वाटलं, काय हे प्रेम!

आणि रत्नप्रभाबाई सात नंबर शोधत होत्या. कुठेही जेवायला गेल्या की बसायच्या आधी पाट उचलून उलटा बघत. इमारतीतल्या बायकांना वाटलं, कोकणातली काही शुभ रीत असावी. दोन-तीन घरच्या सुनाही तसं करू लागल्या. एका डोहाळजेवणात तर सगळ्या पंगतीने एकदम पाट उलटे केलेले मी पाहिले आहेत. शोधाचा दुसरा परिणाम असा झाला की, ‘आमच्याकडे सापडत नाही’ असं अनंतराव म्हणाल्यावर संशय काशीराम आचाऱ्यावर आला आणि सदानंद निवासात सहा वर्षं त्याला कोणी साधी भजी तळू दिली नाहीत. सावंतांच्या घरी बारा माणसं जेवायला असली की बारावे, म्हणजे गुणाजी, गोणपाटावर बसत.

सहा वर्षांत कुंदा पेंढरकर मोठी झाली. उंची तेवढीच राहिली. तिच्या आवाजावर मोठमोठ्या नट्या ओठ हलवू लागल्या, तिच्या नावाची साबणाची जाहिरात आली. सत्तावन्न साली आमच्या उत्सव मंडळाने शाळेच्या सभागृहात तिचा सत्कार ठरवला. कुंदा गाणार, असं चिटणीस मधुकर गुप्त्यांनी पत्रकात मोठ्या अक्षरांत छापलं. सत्कार रविवारी आणि सोमवारी सकाळी दहाला अंधेरीत रेकॉर्डिंग.

पाटाशिवाय कुंदा गात नसे. पाट काढायचा तर रत्नप्रभाबाईंच्या समोर काढायचा. अनंतरावांचं आठवडाभर जेवणावर लक्ष नव्हतं. शनिवारी त्यांनी सहज म्हणून विचारलं, “सावंतवहिनी, उद्या कार्यक्रमाला येणार ना? गर्दी फार असेल. उकडेलसुद्धा.”

“येतलंय तर! पयल्या रांगेत बसतलंय. माझ्या डोळ्यांदेखत वाढला पोर,” बाई म्हणाल्या. “पण पेंढरकरानू, जीवाक घोर हा. सोमवारी माझ्या लेकीचो, सुलक्षणाचो, साखरपुडो. व्याह्यांकडची मोजून बारा माणसां जेवक येतली, आणि माझे पाट अकरा. एकाक गोणपाट दिलंय तर लगीन मोडात. तो काशीराम माका गावलो ना...”

“छे छे, काशीराम तसा नाही हो,” अनंतराव म्हणाले. सहा वर्षांत काशीरामची बाजू घेणारे ते एकटेच. लोक म्हणत, किती थोर मन!

रविवारी सभागृह खच्चून भरलं. पहिल्या रांगेत मधोमध रत्नप्रभाबाई, नऊवारी नेसून, शेजारी गुणाजी. स्टेजवर माइकसमोर मखमलीचा पाट. नुसती मखमल दिसत होती, लाकूड नव्हे, आणि अनंतराव विंगेत उभे राहून पाटाकडे असे बघत होते जणू त्याला पाय फुटतील.

पाटाला पाय फुटले नाहीत. मधुकरला भाषण फुटलं.

“मित्रहो,” मधुकर म्हणाला, “कुंदाताई गाण्याआधी मला एका गोष्टीला वंदन करायचं आहे. ज्याच्यावर उभं राहून ताईंनी उभा देश जिंकला, तो हा पाट!”

“मधू, राहू दे रे,” विंगेतून अनंतराव ओरडले.

“अप्पासाहेबांचा विनय बघा!” मधुकर म्हणाला आणि त्याने पाट दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. पाटाची पाठ लोकांकडे. मखमल नुसती वरून लावलेली होती. लोकांच्या बाजूला लाल तैलरंग होता.

‘र. गु. सावंत. ७.’

पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सदानंद निवासाने तो वाचला. रत्नप्रभाबाई सावकाश उभ्या राहिल्या. गुणाजींनी त्यांचा पदर धरला, मग विचार करून सोडला.

कुंदाने पुढे येऊन पाट वाचला, अप्पांकडे पाहिलं. अप्पा विंगेच्या पडद्यात जवळजवळ गुंडाळले गेले होते. तिला सगळं कळलं. तिने मधुकरच्या हातून पाट घेतला, खाली ठेवला, पण त्यावर चढली नाही. स्टेजच्या कडेला आली. पहिल्या रांगेत बसलेल्यांनाच तिचं ऐकू गेलं, इतका तिचा माइकशिवायचा आवाज लहान होता.

“काकू, पाट तुमचा आहे. उभी राहू का?”

बाई कुंदाकडे बघत राहिल्या. नाकातल्या नाकात काहीतरी म्हणाल्या, बहुधा सहा वर्षांत साठलेलं, आणि मग मोठ्याने म्हणाल्या, “रव गो बाय, रव. आदी गा. बाकीचा मागसून बघुया.”

कुंदा गायली. गायली म्हणजे काय, मी टाळी वाजवायचं विसरलो, आणि मी टाळ्यांच्याच समितीवर होतो. गुणाजी उघड रडले. शेवटच्या सुरावर सगळं सभागृह उभं राहिलं. प्रमुख पाहुण्यांनी कुंदाला शाल घातली, दुसरी शाल पाटावर पांघरली आणि गहिवरून जाहीर केलं की हा पाट आता राष्ट्राचा आहे, तो संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवावा अशी शिफारस आपण जातीने करू. मधुकर डोळे पुसत म्हणाला, “यार, झकास!” टाळ्या थांबेनात.

एवढ्यात रत्नप्रभाबाई स्टेजवर चढल्या. पाहुण्यांना बाजूला केलं. माइक कुंदाच्या उंचीचा होता, त्या थोड्या वाकल्या.

“त्या काशीरामाक कोणीतरी जावन सांगा, पाट गावलो म्हणान,” त्या म्हणाल्या. मग विंगेकडे वळल्या. “आणि पेंढरकरानू, ती मखमल सोडवा आणि उद्या नवाच्या आत पाट घराक धाडा. मातर नीट धुवन. सा वर्सां लोकांनी पाय ठेवल्यानी त्येच्यार, आणि माझ्या व्याह्यांका जेवक बसूचा आसा.”