चिमटीतली करकर

त्याने थाळी भट्टीतून काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. झिलई जागोजाग आक्रसून गोळा झाली होती, मधेमधे उघडी माती दिसत होती. बाकीच्या थाळ्याही तशाच. लागोपाठ तिसरी भट्टी वाया गेली होती.

"तुझी भट्टीच आततायी," ताई मागून म्हणाली. "जरा दमानं तापवशील तर शपथ."

"दमानंच तापवली. तूच झिलई जाड लावलीस."

तीस वर्षं या भावंडांचं असंच चाललं होतं. ती झिलई कालवायची, तो भाजायचा, आणि ताईने ऊन म्हटलं की हा सावली म्हणणार. पण या खेपेला तो धास्तावला होता. आधी त्याने धुळीवर खापर फोडलं आणि एकेक थाळी धुऊन घेतली. मग आचेवर संशय घेतला आणि ही भट्टी चांगली दोन तास जास्त घेऊन तापवली. आता दोष द्यायला काही उरलं नव्हतं.

ताईने पुढे होऊन फळीवरची एक थाळी उचलली.

"अगं, हातमोजे घाल."

"गार झालीये की," ती थाळी निरखत म्हणाली.

तिच्या बोटांची टोकं लालबुंद होत होती. त्याने थाळी हिसकून घेतली, तेव्हा जाड हातमोज्यांतूनही त्याला चटका बसला. त्याने वळून झिलईच्या डब्यांकडे पाहिलं.

झिलईत दोन पांढऱ्या पुडी पडायच्या, गारगोटीची आणि चिनी मातीची. दिसायला सारख्याच. ताई त्या चिमटीने ओळखायची: गारगोटी करकरते, चिनी माती सरकते. डबे कुठेही ठेवा, तिचं कधी अडलं नाही. गारगोटीच्या जागी चिनी माती पडली, तर झिलई अशीच आक्रसणार.

त्याने तिचे हात पाण्यात बुडवले, पुसले. मग दोन वाट्यांत दोन्ही पुडी काढून तिच्यापुढे ठेवल्या.

"यातली चिनी माती कुठली?"

"परीक्षा घेतोस होय माझी?"

तिने चिमूट चोळली. दुसऱ्या वाटीतली चोळली. पुन्हा पहिली. एरवी तिला क्षणही लागत नसे. आपण हे विचारायलाच नको होतं, असं त्याला वाटलं. या बोटांवाचून ताईजवळ दुसरं होतं तरी काय?

"ही," ती अखेर म्हणाली.

ती गारगोटी होती. तिच्या चिमटीतली करकर त्याला समोर बसून ऐकू आली होती.

"बरोबर," तो म्हणाला.

ताईने बोटं पदराला पुसली. बराच वेळ पुसत राहिली.

"बरोबर म्हणालास," ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे चुकलंच. एरवी तू वाद घातला असतास."