बिनधक्क्याची गाडी

मास्तरांनी स्टीलचा पेला बोटभर सोडून पाण्याने भरला, ओल्या फडक्याच्या घडीवर ठेवून डॅशबोर्डवर बसवला आणि शेजारच्या मेकॅनिकला म्हणाले,

"आता नीट लक्ष ठेव. दुसऱ्यातून तिसरा पडतो तेव्हा."

गाडी गॅरेजच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली. पहिला गिअर पडला, दुसरा पडला, मग तिसरा. पेल्यातले पाणी जरासे थरथरले आणि थांबले. मास्तरांनी गाडी वळवून पुन्हा तोच रस्ता धरला. पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीला मेकॅनिकने पेला उचलला आणि पाणी पिऊन टाकले.

"मास्तर, गिअरबॉक्स ठणठणीत आहे. मागच्या आठवड्यात तेल बदललं, माउंटिंग बदललं. आता काय माझी मान बदलू?"

"तुला पुढे बसून कळत नाही. धक्का मागे बसतो."

"मग मागे बसतो."

मेकॅनिक मागे जाऊन बसला, चक्क आडवाही झाला. गॅरेजच्या दारात उतरताना म्हणाला,

"डोळा लागत होता माझा. धक्का काही लागला नाही."

मास्तरांना ते पटले नाही. ज्याची पाठ दुखत नाही त्याला धक्का काय कळणार, असे मनाशी म्हणत ते गाडी घेऊन निघाले.

टॅक्सी स्टँडवरच्या निम्म्या लोकांना त्यांनीच गाडी शिकवली होती, म्हणून ते मास्तर. टॅक्सी चालवायला लागून बत्तीस वर्षे झाली होती. आधी हाताने गिअर टाकायची गाडी होती; गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा त्यांनी ऑटोमॅटिक घेतली, पण तीही गिअरवाली. आतल्या आत का होईना, एकेक पायरी चढणारी. गेल्या वर्षी बायकोचा आजार दुसऱ्यांदा आला आणि या वेळी हाडांत शिरला. दर मंगळवारी सकाळी आठला तिला हॉस्पिटलात न्यायचे, सलाईनमधून औषध चढायचे, संध्याकाळी चारला परत आणायचे. असे बारा मंगळवार सांगितले होते. चौथ्या मंगळवारी औषधांच्या दुकानापाशी गाडीने तिसरा गिअर घेतला आणि मागून "आई गं" ऐकू आले.

"काय झालं?"

"धक्का बसला."

पुढच्या खेपेला शाळेच्या भिंतीपाशीही बसला. मास्तरांनी युक्ती शोधून काढली. गिअर पडायच्या क्षणभर आधी एक्सिलेटरवरचा पाय किंचित उचलायचा, पडला की पुन्हा ठेवायचा. फुंकर मारल्यासारखे. तरी मागून आवाज आलाच. आणि गेल्या मंगळवारी तर ती दारातच थांबली, हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली,

"या गाडीत मी बसणार नाही. हाडं खिळखिळी होतात. धक्के थांबले की जाऊ."

बत्तीस वर्षांत तिने त्यांच्या गाडी चालवण्याला कधी नाव ठेवले नव्हते. मास्तरांच्या वर्मी लागले. पण खरे सांगायचे तर त्यांना थोडे बरेही वाटले. बाकी कशावरच त्यांचा इलाज चालत नव्हता. गाडीवर चालत होता. तिच्या हाडांत काय चालले आहे ते त्यांना डॉक्टरांनी चित्र काढून दाखवले तरी कळले नव्हते, धक्का मात्र कळला. एक मंगळवार बुडाला होता. दुसरा बुडू द्यायचा नाही, एवढे एकच आता त्यांच्या डोक्यात होते.

स्टँडवर पत्र्याच्या शेडखाली बाकावर चौघेपाचजण बसले होते. मास्तर त्यांच्यात जाऊन बसले आणि चहाच्या कपात बघत म्हणाले,

"एक गिऱ्हाईक विचारत होतं. बिनगिअरची सीव्हीटी घ्यावी की गिअरवाली ऑटोमॅटिक?"

एवढे पुरे होते. स्टँडवर हा वाद म्हणजे जुने दुखणे. कुणी नुसता हात लावायचा अवकाश.

"सीव्हीटी?" वकील म्हणाला. कायद्याचे एक अक्षर त्याला ठाऊक नव्हते, पण कुठल्याही गोष्टीवर भांडायचा, म्हणून वकील. "ती काय गाडी आहे? दोन चाकांवर एक पट्टा. शिलाई मशीन! भरलेली गाडी चढावर घाला, पट्टा तापलाच म्हणून समजा. आणि बिघडली की उघडून दुरुस्त करणारा सापडत नाही, अख्खा डबा बदला म्हणतात. गिऱ्हाइकाला सांगा, पुढे आयुष्य आहे, गिअरवालीच घे."

"बिघडेल तेव्हा बघू," पलीकडून रबर म्हणाला. स्टँडवर सीव्हीटी त्याची एकट्याचीच. तिचा पट्टा लोखंडी असतो हे त्याने हजारदा सांगितले होते, तरी नाव रबरच पडले. "आज तर पोटातलं पाणी हलत नाही ना? तुमची गाडी प्रत्येक गिअरला शिंकते."

"शिंकते म्हणजे जिवंत आहे. तुझी नुसती एका सुरात रडते."

सगळे हसले. मग नेहमीप्रमाणे त्यांनी मास्तरांकडे पाहिले, कारण या खटल्यातला शेवटचा शब्द मास्तरांचा असे. ते म्हणायचे, गाडीने बोलले पाहिजे. पहिला, दुसरा, तिसरा, आवाजात कळला पाहिजे. सीव्हीटीचा आवाज आधी चढतो, गाडी मागाहून येते. बोलते एक, करते एक, तिचा भरवसा काय धरायचा? हे ऐकले की वकील मांडीवर थाप मारायचा.

आज मास्तर चहा संपवून उठले, रबरच्या गाडीपाशी गेले आणि तिच्या चाकाकडे निरखून बघू लागले. रबर मागोमाग आला.

"हवा बरोबर आहे का रे हिच्यात?" मास्तरांनी विचारले.

"आहे."

"मागची सीट जरा उतरती आहे का?"

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवता, मास्तर?" रबर हळूच म्हणाला. "वहिनींसाठी हवीय ना? मंगळवारी घेऊन जा. सगळे मंगळवार घेऊन जा."

मास्तरांना नाक मुठीत धरून काहीतरी मागायची सवय नव्हती. ते चाकाकडेच बघत राहिले.

"एकच सांगतो," रबर म्हणाला. "पाय दाबू नका, नुसता ठेवा. आवाज चढला तरी लक्ष देऊ नका. गाडी येते मागून."

मंगळवारी सकाळी रबरची गाडी दारात उभी होती. आतून धुतलेली, पायाखाली नवे कागद अंथरलेले. मास्तरांनी मागे दोन उशा लावल्या, एक पाठीला, एक कुशीला. बायको दारात येऊन बराच वेळ गाडीकडे बघत उभी राहिली.

"ही कुणाची?"

"रबरची. हिला धक्का देताच येत नाही. बस."

ती उशीला टेकून बसली.

मास्तरांनी पाय नुसता ठेवला. इंजिनाचा आवाज एका पट्टीत लागला आणि तिथेच राहिला, आणि त्या एकाच आवाजावर गाडी वेग घेत गेली. औषधांच्या दुकानापाशी त्यांचा पाय सवयीने उचलला गेला. उगीचच, तिथे काही पडायचे नव्हते. त्यांनी आरशात पाहिले. बायको खिडकीबाहेर बघत होती. शाळेची भिंत गेली. पूल गेला. मागून आवाज नाही.

मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आयुष्यभर ज्या गाडीची टिंगल केली तिने त्यांचे काम केले होते. आज वकिलासमोर कान पकडायचे, त्यांनी ठरवून टाकले.

"कसं वाटतंय?"

"छान आहे गाडी."

"बघ! पोटातलं पाणी हललं का? आता उरलेले सगळे मंगळवार हीच. मी बोललोय त्याच्याशी."

"सगळे?"

"पाचच तर राहिलेत. एक बुडाला तो धरून."

हॉस्पिटलच्या अलीकडच्या सिग्नलला गाडी थांबली. पुढे एक बस, बाजूला दोन स्कूटर, सगळे जागच्या जागी. मास्तरांचा पाय ब्रेकवर होता. तेवढ्यात मागून आवाज आला,

"आई गं."

मास्तरांनी आरशात पाहिले. तिने डोळे मिटून घेतले होते, हात कमरेवर होता.

"काय झालं?"

"धक्का बसला."

मास्तरांनी समोरचा काटा बघितला. तो शून्यावर होता. मान वळवून त्यांनी मागे पाहिले. तिने डोळे उघडले, बाहेर उभी असलेली बस बघितली, स्कूटरवाला बघितला, आणि तिच्या कमरेवरचा हात आपोआप मांडीवर आला.

"अगं, गाडी उभी आहे," मास्तर म्हणाले.

"हो."

सिग्नल हिरवा झाला. बस गेली. मागचे हॉर्न वाजवू लागले. मास्तरांनी गाडी हळूच कडेला घेतली.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या गाडीतही नव्हते धक्के."

"मग?"

"तुम्हाला गाडीतलं कळतं. दुसरं काय सांगणार होते मी?"

मास्तर स्टिअरिंग धरून बसून राहिले. हॉस्पिटलचे फाटक इथून दिसत होते. वॉचमन एका गाडीला आत घेत होता.

"मंगळवारचं औषध, की शुक्रवारपर्यंत उलट्या," ती म्हणाली. रागावून नव्हे, वाण्याकडची यादी सांगावी तसे सांगत होती. "शनिवारी जरा घास उतरतो. रविवारी मनात मंगळवार सुरू. मी डॉक्टरांना विचारलं होतं, तुम्ही गाडी लावायला गेला होता तेव्हा. म्हटलं, सगळे बारा घेतले तर काय होईल? म्हणाले, थोडे दिवस वाढतील."

"थोडे म्हणजे किती?"

"जेवढे वाढतील तेवढे मंगळवारातच जायचे."

मास्तरांना खूप काही बोलायचे होते. तेल बदलले, माउंटिंग बदलले, मेकॅनिकला मागे आडवे पाडले, नाक मुठीत धरून रबरकडे गेलो. त्यांना तिचा राग आला, मग लगेच स्वतःचा. चार आठवडे ती दर मंगळवारी ओरडून सांगत होती आणि ते पाय उचलत होते.

"मला आधी नाही सांगायचंस?"

"तुम्ही पाय उचलायचात ना," ती म्हणाली. "कळायचं मला. मग धीर व्हायचा नाही."

फाटकातला वॉचमन आता यांच्याकडे बघत होता. त्याने ओळखीचा हात केला, आत या म्हणून. मास्तरांनी गाडी सुरू केली, पाय नुसता ठेवला, आणि गाडी फाटकासमोरून सरळ पुढे नेली. वॉचमनचा हात तसाच वर राहिला.

पुढच्या चौकातून वळून घराकडे येताना त्यांनी आरशात पाहिले. बायकोला झोप लागली होती. तोंड थोडे उघडे, डोके उशीवर, खरी झोप.

तिला घरी निजवून, शेजारच्या वहिनींना बसवून, ते गाडी परत करायला स्टँडवर गेले. शेडखाली मंडळी जमलेलीच होती. मास्तर सीव्हीटी घेऊन गेल्याची बातमी सगळ्यांना लागली होती आणि वकिलाला तर दम धरवत नव्हता.

"या, या! आता सांगा. बत्तीस वर्षांचा अनुभव काय म्हणतो? कोणती बरी?"

मास्तरांनी रबरच्या हातात किल्ली दिली. ती देताना त्यांची बोटे पटकन सुटली नाहीत.

"धक्के होते तेच बरं होतं," ते म्हणाले.

वकिलाने मांडीवर अशी थाप मारली की चहाचा कप हिंदकळला.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही! ऐक, रबर, ऐक!"

सगळे खदखदून हसू लागले. रबरही हसायला लागला होता, पण त्याची नजर गाडीच्या मागच्या सीटवर गेली. दोन्ही उशा तशाच होत्या. मग त्याने शेडमधल्या घड्याळाकडे पाहिले. दहालाही पाच मिनिटे कमी होती. त्याने उशा काढून मास्तरांच्या गाडीत नीट ठेवल्या आणि दार आवाज न करता लावले.

मास्तर आपल्या गाडीत बसले आणि घराकडे निघाले. पहिला पडला, दुसरा पडला. औषधांच्या दुकानापाशी, तिसरा पडायच्या क्षणभर आधी, त्यांचा पाय उचलला गेला. मागे नुसत्या उशा होत्या.