वरच्या रस्त्याने

"रोवेना, क्लिफर्डला तू खालच्या रस्त्याने ने," हातमोजे चढवत नॉर्मन म्हणाला. "नदीकाठाने सगळं सपाट आहे. आम्ही वरून येतो. जेवायला पबमध्ये भेटूच."

नॉर्मन सायकल क्लबचा कॅप्टन. माणूस वाईट नव्हता, पण क्लिफर्ड शेजारी उभा असताना त्याच्याबद्दल दुसऱ्याशी बोलायची त्याला खोड होती. क्लिफर्डची नजर तिशीतच गेली होती. तेव्हापासून जोडसायकलच्या मागच्या सीटवर बसून त्याने यॉर्कशायरचे डोंगर पालथे घातले होते. हँडल पुढच्याच्या हाती, जोर मात्र दोघांच्या पायांचा.

"त्यांनाच विचारा की," रोवेना म्हणाली. "दिसत नाही त्यांना. ऐकू येतं."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"वरून जाऊ," क्लिफर्ड म्हणाला.

"अरे बाबा, हॉथर्न बँकचा चढ आहे तो! तू आणि डग्लस चांगले धट्टेकट्टे होतात, तरी शेवटच्या वळणावर उतरून ढकलत न्यायचात. आणि आज तर रस्त्यावर दव गोठलंय."

"तेव्हा पुढे डग्लस होता. आज ही आहे."

क्लिफर्ड बोलून तर गेला, पण खात्री त्यालाही नव्हती. डग्लसचे गुडघे गेल्यापासून पुढे बसायला कोणी मिळेना. दोन हिवाळे जोडसायकल शेडमध्ये भिंतीला टेकून पडली होती. मग शरद ऋतूत गावात टपाल वाटणारी ही रोवेना क्लबात आली आणि आपणहून म्हणाली, "मला शिकवाल का?" छोट्या फेऱ्या झाल्या होत्या. एवढा चढ दोघांनी मिळून कधीच चढला नव्हता.

सुरुवातीलाच बाकीची मंडळी सरसर पुढे निघून गेली. "या सावकाश! सूप गार झालं तर बोलायचं नाही!" असं ओरडत गेली. त्यांच्या चाकांची सळसळ विरली आणि चढ लागला.

मागे बसणाऱ्याला चढ आधी मांड्यांत कळतो. मेंढ्यांचं बें-बें आता डोक्याच्या वरून येत होतं, म्हणजे रस्ता अजून बराच वर जायचा होता. वारा उजव्या कानाला झोंबत होता. मग पायाखालचं पॅडल किंचित घुटमळलं. पुढच्याचं मन कचरलं की आधी पॅडलला कळतं.

"थांबूया का हो?" रोवेनाने विचारलं.

"दमलीस?"

"नाही."

"मग?"

"भीती वाटते. तुम्हाला पाडलं तर?"

"पडलोय की मी! दोनदा खड्ड्यात, एकदा मेंढीवर. मेंढीला जास्त लागलं. मार पॅडल!"

ती खळखळून हसली आणि त्या हसण्याबरोबर पायांना लय सापडली.

पण शेवटच्या वळणावर मागचं चाक बर्फावरून सटकलं. सायकल डोलली. वर्षानुवर्षं याच जागी डग्लस "उतर" म्हणायचा, आणि क्लिफर्डच्या पायाला ती सवय जडली होती. त्याने टाच सैल केलीसुद्धा.

"पाय खाली टाकलास तर याद राख!" रोवेना कडाडली. अहो-जाहो सगळं वाऱ्यावर उडालं होतं. "बसून राहा! लाव जोर! लाव!"

क्लिफर्डने दात आवळले आणि होता नव्हता तो सगळा जीव पायांत ओतला. चाकाने रस्ता धरला. एक फेरा, अजून एक. छाती भात्यासारखी चालली होती. तेवढ्यात पुढून डांबरावर बुटांची टकटक ऐकू आली.

"कोण गं?"

"नॉर्मन," ती धापा टाकत म्हणाली. "चालतोय. सायकल ढकलत."

क्लिफर्डला बोलायचं बरंच होतं, पण श्वास दोनच शब्दांपुरता होता. "काय कॅप्टन?" एवढंच म्हणून तो पुढे गेला. मागून नॉर्मनचा आवाज आला, "अरे, हे कसं शक्य आहे!"

आणि एकदम पॅडल हलकं झालं. वारा दोन्ही गालांवर सारखा लागला. माथा आला होता. क्लिफर्डने अशी आरोळी ठोकली, की मेंढ्या पळाल्याचं त्याला स्पष्ट ऐकू आलं. रोवेना हसत होती की रडत होती, ते मात्र कळेना.

उतार संपताच कोळशाच्या धुराचा वास आला. पबच्या दारात डग्लस मोटारीने येऊन काठी टेकून उभा होता.

"नदीकाठाने आलात ना?"

"वरून."

"वळणावर ढकलत?"

"बसून. दोघं."

डग्लसने क्लिफर्डचे गारठलेले हात स्वतःच्या हातांत घेऊन घट्ट दाबले. "आयुष्यभर मला जमलं नाही रे ते," तो म्हणाला आणि दार ढकलून आत गर्जला, "शेकोटीजवळच्या खुर्च्या मोकळ्या करा! हॉथर्न बँक चढून आलेत हे!"

आत टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. भाजलेलं बीफ, वाफाळते बटाटे, रश्शात भिजलेलं खारं यॉर्कशायर पुडिंग समोर आलं. डग्लस रोवेनाला ते वळण पुन्हा पुन्हा सांगायला लावत होता: चाक कुठे सटकलं, ती काय ओरडली. दरवेळी ती थोडं अधिकच सांगत होती. टेबलाखाली क्लिफर्डच्या मांड्या अजून थरथरत होत्या. त्याने ताट पुसून साफ केलं आणि आणखी वाढायला सांगितलं.