दुसरा दोर

"दुखत न्हाई रे, उगं बघू नको," म्हणत ज्ञानोबांनी बाही खाली ओढली.

किशननं वडिलांची बाही पुन्हा वर सारली. मनगटाच्या वर पावलीएवढा डाग होता. मधे कोळशासारखा काळा, कडेनं बारीक पाणीदार फोड, आणि कोपरापर्यंत हात सुजलेला. त्यानं डागाच्या कडेला अंगठ्यानं दाबलं. म्हातारा हूं की चूं करीना.

"खरंच दुखत नाही, दादा?"

"न्हाई म्हटलं की. किडा चावला असंल. तू तुझी ट्रंक भर."

दुखलं असतं तर किशनला बरं वाटलं असतं.

डॉक्टर किशन गजभारे उदगीरकडच्या त्या गावात जनावरांच्या दवाखान्यावर पाच वर्षं होता. पुढच्या शिक्षणासाठी त्याला शिष्यवृत्ती मिळाली होती, दोन वर्षं परभणीला. उद्या दुपारपर्यंत तिथं हजर झाला नाही, तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. लातूर जिल्हा झाला तेव्हा पेढे भरपूर वाटले गेले, पण फायलींची कपाटं जुन्या जिल्ह्यात, उस्मानाबादेतच राहिली. किशनची फाईल सापडायलाच तीन महिने गेले. शेवटी तो स्वतः लातुरात पाच दिवस बाकावर बसून राहिला आणि काल संध्याकाळी कार्यमुक्तीचा हुकूम घेऊन परतला. हुकमाला एक शेपूट होतं. दुष्काळाचं वर्ष, तेव्हा 'कार्यक्षेत्रात जनावरांची कोणतीही साथ नाही' असा दाखला त्यानंच सही करून जोडायचा. दवाखान्याचा पट्टीबंधक बसवंत यानं तो सकाळीच सुवाच्य अक्षरात लिहून टेबलावर ठेवला होता. सही तेवढी राहिली होती.

"मी लातूरला असताना गुरांच्या चारा-छावणीत गेला होतात का?" किशननं वडिलांना विचारलं.

ज्ञानोबा बसवंतकडे पाहू लागले. बसवंत कपाटाकडे.

"बसवंत, तू सांग."

"सायब, दोन बैल मेले. तुमी गेल्याच्या दिशी एक, परवा एक. उपाशी ढोरं, मरायलीच की. मी रजिस्टरात उपासमार म्हणून लिवलो. तुमच्या जाण्यात खोडा नगं म्हणून."

"नाकातून रक्त होतं?"

"हाव, आलतं थोडं."

"गोठलं होतं?"

बसवंतनं नकारार्थी मान हलवली. "काळं हुतं. वाहतच राहिलतं."

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत किशनला फाशी रोगाचीच लक्षणं विचारली होती. जनावराला तासांत मारणारा आणि मेलेल्या जनावराला हात लागला तर माणसालाही धरणारा रोग. किशननं सगळी लक्षणं, न गोठणारं रक्त आणि माणसाच्या अंगावरचा न दुखणारा काळा डागही, घडाघडा सांगितली होती आणि टेबलापलीकडचे साहेब शाबास म्हणाले होते. इथं त्याला एवढा एकच प्रश्न सुचला.

"बैल ओढले कुणी?"

ज्ञानोबांनी बाही पुन्हा खाली ओढली. मग ते म्हणाले, "मी ओढलो."

नायगावकडच्या त्यांच्या गावात मेलेलं ढोर ओढणं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घरावर लादलेलं होतं. छप्पन साली दीक्षा घेऊन ज्ञानोबा परतले आणि त्यांनी ओढायचा दोर चुलीत घातला. गावानं सहा महिने काम दिलं नाही, पण त्यांनी दुसरा दोर हाती धरला नाही. ही गोष्ट किशननं लहानपणी इतक्यांदा ऐकली होती, की जळत्या दोराचा वास आपल्या ओळखीचा आहे असंच त्याला वाटायचं.

"दादा, तुम्ही?"

"छावणीवाले म्हनले, डॉक्टर येऊ द्या, ढोरं दवाखान्याची, तोच ओढंल. तुला लावले असते रे. माझ्या सायब झालेल्या लेकाच्या हातात दोर? मग तवा जाळला कशाला म्या? म्हनून कुणी उठायच्या आत मीच ओढलो. दोनी बी."

किशनला रडू आलं आणि रागही आला. आपण लातुरात चहा पीत बाकावर बसलो होतो, या विचारानं त्याला स्वतःचीच किळस वाटली.

बसवंतनं दाखला पुढं सरकवला. "सही करा अन्‌ निघा, सायब. दादाला मी नेतो दवाखान्याला. ढोराचं मागनं येणारा डाक्टर बघंल."

"कर सही," ज्ञानोबा म्हणाले. "माझं काय, दुखत बी न्हाई."

"छावणीत आज आजारी किती?"

"चार," बसवंत हळूच म्हणाला. "एक सकाळधरनं मान टाकून हाय."

आठशे जनावरं एकाच हौदावर पाणी पीत होती, आणि त्यांच्या पायांशी त्यांची माणसं झोपत होती. किशननं दाखला उलटा केला. कोऱ्या बाजूवर त्यानं लिहिलं : फाशीची साथ. दोन बैल मृत, चार आजारी, एका माणसास लागण. लस ताबडतोब पाठवावी. खाली सही केली.

"आधी दादांना लातूरच्या सरकारी दवाखान्यात ने. फाशीच्या ढोराला हात लागलाय म्हणून स्पष्ट सांग. मग हा कागद तिथल्या आपल्या जिल्हा ऑफिसात दे."

"अन्‌ परभनी?"

"यादीत पुढचा माणूस आहे."

लातूरची गाडी आली तेव्हा बसवंत सवयीनं धावला आणि खिडकीतून रुमाल टाकून साहेबांसाठी जागा धरली. किशननं तिथं वडिलांना बसवलं. भर उन्हात ज्ञानोबांचे दात वाजत होते. त्यांनी खिडकीशी तोंड आणलं.

"किशन, दोर गोठ्यामागं ठिवलाय. हात लावू नको. काठीनं उचल."

गाडी गेली. दोर नवा होता, बसवंतच्याच घरातून मागून आणलेला. किशननं तो काठीनं उचलून दवाखान्यामागं नेला आणि वर रॉकेल ओतलं. लहानपणापासून मनात धरून ठेवलेला वास असा नव्हता. छावणीकडून त्याच्या नावानं हाका ऐकू येऊ लागल्या. दोराची पुरती राख होईपर्यंत तो तिथून हलला नाही.