मानेखालचा हात

"हात वर आले! दोना एउरिदेसचे हात वर आले!"

अतिदक्षता विभागाच्या काचेला नाक लावून उभी असलेली शेजारीण ओरडली आणि ती बातमी जिन्यावरून घरंगळत इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेली. तिथे पोचेस्तोवर दोना एउरिदेस पलंगावर उठून बसली होती. रस्त्यापलीकडच्या उसाच्या रसाच्या गाडीपाशी बातमी जाईपर्यंत तर दोना एउरिदेसने कॉफीही मागितली होती, साखर कमी.

लिंदाल्वाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं ते एवढंच. आईचे हात चादरीवरून सावकाश उचलले गेले, कोपरांत वाकले, आणि दोन्ही तळवे छातीवर एकमेकांजवळ आले. रविवारी चर्चमध्ये येत तसेच. मग ते खाली पडले. लिंदाल्वा नगर वाचनालयात काम करायची. तिथली निम्मी कपाटं तिने वाचून काढली होती. तरी त्या क्षणी ती फरशीवर गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "आई, मी इथंच आहे गं."

"ऐकतेय ती," मांत्रिक मेस्त्रे जोविनो म्हणाला. पांढरा सदरा, कानामागे सतापाची डहाळी, एक हात आईच्या कपाळावर, दुसरा मानेखाली. "ऐकतेय, पण तिचा देह उघडा आहे. सरकारने उघडा टाकलाय. मी बंद करतोय."

ब्राझीलमधल्या पेत्रोलिनात त्या वर्षी या एकाच भाषेला भाव होता. नवा कायदा आला होता: ओळखपत्रावर नकाराचा शिक्का नसेल, तर मेल्यावर प्रत्येक जण अवयवदाता. घरच्यांना विचारायची गरज नाही. लगेच शिक्क्यासाठी रांगा लागल्या. म्हातारे, गरोदर बाया, फुटबॉलच्या कपड्यांतली पोरं, सगळे उन्हात. लोक म्हणत, ज्याच्या कार्डावर शिक्का नाही त्याला डॉक्टर मरू देतात. ज्यांना रांगेचा कंटाळा ते मेस्त्रेकडे जाऊन देह बंद करून घेत. तेल, डहाळी, मंत्र, आणि वर दम: "आता तुझ्या मूत्रपिंडाला राष्ट्राध्यक्षसुद्धा हात लावू शकत नाही!" राष्ट्राध्यक्षांना त्या मूत्रपिंडाची खबरही नव्हती, तो भाग वेगळा.

आई रांगेत गेलीच नाही. बाजारात उंबूच्या फळांचा मुरंबा विकता विकता ती हसायची. "स्वर्गात मला मूत्रपिंड कशाला गं? तिथं काही मला बिअर देणार नाहीत."

मग त्याच बाजारात ती काउंटरमागे कोसळली. मेंदूत रक्तस्राव.

"आजच घरी नेऊ तिला," भाऊ जेनिव्हाल म्हणाला. त्याने दाढी केली नव्हती, डोळे सुजले होते. मेस्त्रेला आत आणायला त्याने मोटरसायकल विकायला काढली होती. "मेस्त्रे म्हणतात, आज हात, उद्या डोळे. आणि त्या डॉक्टरणीला सांग, आईच्या अंगाला सुरी लागली तर बघ."

डॉक्टर मारिल्दा दारातच उभ्या होत्या. बुटक्या, थकलेल्या. "सुरी लावायला मी आलेली नाही. विचारायला आले होते."

"विचारायला? कायदा तर म्हणतो विचारू नका!"

"कायदा म्हणतो. मी विचारल्याशिवाय हात लावत नाही. इथला कुणीच लावत नाही." त्या लिंदाल्वाकडे वळल्या. "बाळ, काल आपण काय पाहिलं, आठवतंय? यंत्र काढून वाट बघितली होती. दोघा डॉक्टरांनी, वेगवेगळ्या वेळी. मेंदू मेलाय, असं दोघांनीही लिहून दिलं."

आठवत होतं. रक्तात प्राणवायू पुरवत राहून श्वासाचं यंत्र बाजूला केलं होतं. आईची छाती हलली नव्हती. डोळ्यांच्या बाहुल्यांवर उजेड टाकला, त्या आकसल्या नव्हत्या. लिंदाल्वाने आपलाच श्वास रोखून धरला होता, जणू तो आईला उधार देता येईल.

"पण हात, डॉक्टर. हात मी पाहिले."

मारिल्दा पलंगापाशी आल्या. "हे मला दाखवायला आवडत नाही. पण तुला खोट्या आशेवर ठेवणं त्याहून वाईट." मग मेस्त्रेला म्हणाल्या, "पुन्हा करा. कपाळाला लावा हात, छातीला लावा, तेल चोळा. फक्त मानेखाली नको."

"शक्ती मानेतूनच जाते," मेस्त्रे म्हणाला.

"मग आज पायातून पाठवा."

काचेबाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. मेस्त्रेने डोळे मिटले, मंत्र पुटपुटला, घामाघूम झाला. आईचे हात चादरीवर तसेच. "इथं अविश्वासी माणसं आहेत," तो म्हणाला. "शक्ती लाजते."

"मघाशी हीच माणसं होती," लिंदाल्वा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तेव्हा नाही लाजली?"

डॉक्टरांनी तिला जवळ बोलावलं. "तू ये. तळवा मानेखाली घाल. हळूच डोकं पुढे उचल."

तिला करायचं नव्हतं. जन्मात काही नको होतं इतकं ते नको होतं. तिने तळवा आईच्या केसांखाली सरकवला. केसांना अजून साखरेच्या पाकाचा वास होता. तिने डोकं उचललं.

हात वर आले. कोपरांत वाकले. छातीवर जुळले.

तिने मंत्र म्हटला नव्हता. कानामागे डहाळी नव्हती.

"हे मज्जारज्जूचं काम," मारिल्दा हलकेच म्हणाल्या. "मेंदू गेला तरी पाठीच्या कण्यातली ही दोरी काही काळ शाबूत असते. मान वाकवली की ती ताणली जाते आणि हात उचलले जातात. इच्छा नाही, प्रार्थना नाही, वेदना नाही. प्रत्येकात होत नाही, पण होतं. आणि या जोविनोंना ते ठाऊक आहे. मी शिकत होते त्या इस्पितळात हे वॉर्डबॉय होते, पलंग हलवायचे. चादर बदलताना असेच हात उठले की नव्या नर्सना घाबरवायचे."

मेस्त्रेने डहाळी काढून खिशात घातली आणि दाराकडे निघाला. कुणी अडवलं नाही.

जेनिव्हाल पलंगाच्या दांडीला धरून उभा होता. "म्हणजे ती मघाशी हात जोडत होती ते... माझ्यासाठी नव्हतं?"

"नाही रे दादा."

तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. लिंदाल्वाने त्याला धरलं. रडायची पाळी तिची अजून आली नव्हती. "विचारा, डॉक्टर," ती म्हणाली. "काय विचारायला आला होतात?"

मारिल्दांनी विचारलं. तिने भावाकडे पाहिलं. त्याने मान हलवली, होकाराची.

फाटकाशी गर्दी अजून होती. "उठली का गं?" रसवाल्याने विचारलं.

"नाही," लिंदाल्वा म्हणाली. "काल वारली. हात मीच उचलले, मघाशी. मानेखाली तळवा घातला की कुणालाही उचलता येतात." ती गर्दीकडे वळली. "न विचारता घेणार म्हणणारा कायदा तुम्हाला भिववतो, मलाही भिववतो. त्याच्याशी भांडा. खासदाराला गाठा, डॉक्टरांना आत जाऊन तोंडावर विचारा, मृत्यू कसा तपासता ते दाखवा म्हणा. त्यांनी मला दाखवलं. पण भीतीवर तेल चोळून घेऊ नका. रेसिफे शहरात कुणीतरी रक्त गाळणाऱ्या यंत्राला जोडलेलं बसलंय. माझ्या आईचं मूत्रपिंड त्याला उपयोगी पडेल. तिला विचारलं असतं तर ती हसली असती."

"आणि तुझं कार्ड?" मागून एक बाई म्हणाली. "नकाराचा शिक्का मारून घेतलायस ना तू?"

लिंदाल्वाने खालमानेने होकार दिला. ती रांगेत उभी राहिली होती, आईला न सांगता.

"उद्या काढून टाकते," ती म्हणाली. आणि मग, तिथेच, फाटकाला टेकून, ती रडली.