मातीतली आजी

मामा तिएनजिनला आला तरी आमच्याकडे उतरायचा नाही. स्टेशनजवळच्या लॉजवर राहायचा, एक दिवस आमच्याकडे जेवायचा आणि उत्तर चीनमधल्या इनर मंगोलियाच्या माळावरच्या आपल्या गावी परत जायचा. आईशी त्याचं भांडण नव्हतं. बोलणंच फारसं नव्हतं. माझ्या लग्नात थोडी चढल्यावर तो मला एवढंच म्हणाला होता, "तुझ्या आईनं मला माझ्या आईचं तोंड बघू दिलं नाही."

शहात्तर साली पहाटे झालेल्या भूकंपात आजी गेली. शहरातली शिकलेली पोरं तेव्हा सरकारनं शेतांवर धाडली होती, त्यांत मामाही होता, तो पुढे तिकडचाच झाला. घरी आजी आणि सतरा वर्षांची माझी आई. मामाला तार मिळाली ती दहा दिवसांनी. तो पोचला तेव्हा घराच्या जागी विटांचा ढीग होता आणि आई रस्त्याकडेला ताडपत्रीच्या खोपटात राहत होती. आजीला जाळूनही झालं होतं. ढिगाऱ्यातून एक पातेलं आणि अर्धी रजई निघाली. फोटो एकही नाही.

गेल्या वर्षी वसंतात मामाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. बरा झाल्यावर त्यानं आपणहून आईला फोन केला. तिएनजिनचे मूर्तिकार माणसाचा हुबेहूब चेहरा मातीत उतरवतात, तर आपण आईची मूर्ती करून घेऊ, म्हणाला. पण त्याला एकट्याला तिचा चेहरा नीट आठवत नव्हता. आईनं बरोबर यावं अशी त्याची इच्छा होती.  आईनं त्याला फक्त गाडीची वेळ विचारली.

सकाळी आम्ही तिघं आधी भूकंपाच्या स्मारकाशी गेलो. मामानं ते कधी बघितलं नव्हतं. दगडावर कोरलेली अक्षरं तो शाळेतल्या मुलासारखा मोठ्यानं वाचत गेला. आई स्मारकाकडे पाठ करून, चौकात पतंग उडवणाऱ्या म्हाताऱ्यांकडे बघत राहिली. तिथून पुढे परदेशी लोकांच्या जुन्या बंगल्यांच्या रस्त्यानं निघालो. एका बंगल्यापुढे मामा थांबला.

"इंग्रजांची घरं बरी उभी राहिली," तो म्हणाला. "आपलीच तेवढी पडली."

"आपल्या विटा आपल्यासारख्याच होत्या, दादा," आई म्हणाली. "तोंडानं भारी आणि आतून पोकळ."

मामा हसला. दिवसभरात तेवढंच.

मूर्तिकार शिंगबाईंचं दुकान जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. पन्नाशीची बाई, बोलायला फटकळ. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं, ओल्या फडक्यातून मातीचा गोळा काढला, मळला आणि विचारायला लागल्या. कपाळ केवढं? भुवया दाट की विरळ? मामा सांगत गेला; भूकंपाच्या वेळी आपण लांब होतो, आईपाशी बहीणच होती, हेही त्यानं सांगितलं. त्याच्या बोलण्यातून मातीला नाक आलं, हनुवटी आली.  शेवटी शिंगबाई आईकडे वळल्या.

"ताई, शेवटपर्यंत तुम्हीच जवळ होता ना? मग गप्प का? हे तर लांब गेलेल्या पोराची आठवण सांगताहेत."

आईनं हात मांडीवर ठेवले.

"शेवटी मला तिचा चेहरा दिसलाच नाही," ती म्हणाली. "मधे तुळई आडवी होती. फटीतून तिचा हात तेवढा बाहेर आला होता. तो धरून मी बसले होते. उजाडल्यावरही ती बोलत होती. मग थांबली. बाहेर काढली तेव्हा शेजारणीनं तोंडावर चादर टाकली आणि मला बघू दिलं नाही."

"तू तर म्हणाली होतीस, झोपेतच गेली," मामा म्हणाला.

"म्हणाले होते."

शिंगबाईंनी मातीवर ओलं फडकं टाकलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तिनंच सांगितलं, दादाला तार करू नकोस," आई म्हणाली. "तिकडे गव्हाची कापणी चालू असेल, तो सगळं टाकून धावत येईल आणि मग त्याच्यावर ठपका बसेल. तिला वाटत होतं, आपण यातून निघणार. ती गेल्यावरही तिचा शब्द मोडायचा मला धीर होईना. दहाव्या दिवशी मोडला."

मामानं विचारलं, "मला हे का नाही सांगितलंस?"

"तू आलास तो रागानं पेटलेला होतास. राग कुणावर तरी काढणारच होतास. तिच्यावर काढण्यापेक्षा माझ्यावर बरा, असं वाटलं. नंतर सांगायचं राहूनच गेलं."

मामानं चष्मा काढला आणि तसाच हातात धरून बसला. ती आणखी काय बोलली, असं त्यानं विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "मला म्हणाली, पायात काहीतरी घाल. काचा पडल्या आहेत."

यावर मामा रडला. आवाज न करता, खांदे हलवत. आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. शिंगबाई उठून आतून चहा घेऊन आल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

मग आई सांगायला लागली. तू गेलास त्या वर्षी ती वाळली, त्याआधी गाल भरलेले होते. मामा म्हणाला, भरलेले कधीच नव्हते. कान मोठे होते यावर मात्र दोघांचं एकमत झालं. शिंगबाई लाकडी पातीनं गाल भरायच्या, पुन्हा उतरवायच्या आणि मधेच कुरकुरायच्या की एका आईला दोन तोंडं करता येत नाहीत. संध्याकाळी एक हातभर उंचीची बाई स्टुलावर बसलेली तयार झाली. मामा म्हणाला, नाक तिचंच आहे. आई म्हणाली, नाक कुणाचंच नाही, पण बसणं तिचं आहे.

सावलीत सुकायला तिला महिना लागला. भट्टीत मानेशी बारीक तडा गेला. शिंगबाईंनी फोन करून नवी करून देऊ का, असं विचारलं. मामानं तीच रंगवून पाठवायला सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात मामा गेला. मूर्ती मामीकडेच आहे आणि आईनं ती कधी मागितली नाही. पण ते शेवटचे काही महिने दोघं रोज फोनवर बोलायची, बहुतेक गव्हाबद्दल आणि गुडघ्यांबद्दल.